दगडाखालच्याले विचारा

मेश्राम सर दर रविवारी सकाळी आमच्या कॉलनीमागच्या ओढ्यात उतरून नाचतात. याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. गमबूट, अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, आणि टाचांनी तळचे दगड ढवळत उलट्या पावली मागे सरकणं. समोर एक माणूस जाळं धरून उभा लागतो, म्हणजे दगडाखालचे किडे निसटले की वाहत जाळ्यात येतात. मग ते किडे माझ्या पोह्यांच्या पांढऱ्या ताटलीत ओतायचे आणि ओढ्याची तब्येत सांगायची. त्या ताटलीत आता आमच्याकडे कोणी पोहे खात नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, पण थांबले नाहीत. ओढ्याला कोणी नाला म्हटलं तर सर दिवसभर बोलत नाहीत. पाणी स्वच्छ दिसतंय म्हटलं तरी चिडतात. "पाणी तोंडदेखलं बोलते, सुनंदाबाई. खरं काय ते दगडाखालच्याले विचारा."

मागच्या लग्नसराईत पुलावरून वरात चालली होती. बँडवाल्यांनी सरांना पाहिलं आणि त्यांच्या पायांवर ठेका धरला. नवरदेवाचे मामा सफारीसकट पाण्यात उतरले आणि सरांच्या शेजारी नाचायला लागले. दुसरा कोणी असता तर लाजून बाहेर आला असता. सर म्हणाले, "मामा, जरा त्या कोपऱ्यात नाचा ना गा. तिकडं आपलं कोणी पोचूनच नाही राहिलं." त्या दिवशी जाळं अगदी भरून आलं असं सर अजून सांगतात. मामांना ताटली दाखवली तेव्हा ते पुलावर पळाले.

जाळं आधी मेश्रामबाई धरायच्या. त्या गेल्यापासून आमची बेल वाजते. सुरुवातीला आमचे हे पांघरुणातून सांगायचे, "मी घरी नाही म्हण." आता हेच सहाला उठून गमबूट शोधतात, आणि ऑफिसात डबा उघडताना लोकांना लाल अळ्यांची माहिती देतात. ऑफिसातल्यांनी यांना वेगळं टेबल दिलंय.

तर या हिवाळ्यात घोटाळा झाला. सरांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. तो कधीचा मागे लागला होता, बाबा, एकटे काय करता, इकडे या. सर म्हणायचे, ओढ्याकडं कोण पाहील? शेवटी नितीन म्हणाला, ओढा केव्हाच मेला, बाबा. झालं, सरांना झोंबलं. म्हणाले, या हिवाळ्यात तीन शेपट्यांची एक जरी अळी सापडली तरी मी इथंच, नाही सापडली तर तुझ्यासंग पुण्याले. ही अळी म्हणजे चांगल्या पाण्याची खूण. पाणी बिघडलं की सगळ्यांच्या आधी तीच जाते.

रविवारमागून रविवार गेले. ताटलीत लाल अळ्या, जळवा, एकदा कोणाचा तरी कानातला डूल. तीन शेपट्यांचं कोणी नाही. नितीननं सरांचं पुण्याचं तिकीट काढलं. शेवटचा एक रविवार उरला. पाच वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या, तो जाणार म्हटल्यावर मला काही सुचेना.

शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवर रामटेकच्या पुढे, सरांनीच एकदा दाखवलेल्या डोंगरातल्या ओढ्यावर गेलो आणि तीन अळ्या पकडल्या. येताना मी मागे बसून डब्यातलं पाणी चमच्यानं ढवळत होते, त्यांना हवा मिळावी म्हणून. कामठीच्या सिग्नलला एका बाईनं विचारलं, काय करून राहिली वं? म्हटलं, मठ्ठा. संध्याकाळी सर देवळात गेले तशा आम्ही त्या अळ्या आपल्या ओढ्यातल्या एका दगडाखाली बसवल्या.

रविवारी आमच्या यांना धीर कुठला निघायला!

"सर, तो दगड पाहा ना."

"काहून?"

"असाच. चांगला वाटून राहिला."

सरांनी दगड उलटा केला. तिन्ही तिथंच चिकटलेल्या. मी टाळ्याच वाजवल्या. सर खाली वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"मनोहरभाऊ, हे पापडावानी चपटं अंग पाहा. खळाळत्या पाण्यात दगडाले धरून राहायले असते ते. आपला ओढा चालते बैलगाडीसारखा. इथं याले चपटं व्हायचं कामच काय?" मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत, "रामटेकले गेलते न?"

आमचे हे पाण्याकडे पाहायला लागले. मीही.

तेवढ्यात नितीनचा फोन आला. सरांचे हात चिखलाचे, म्हणून मीच स्पीकर लावून धरला.

"बाबा, सापडली का?"

आता खोटं बोला, सर, एकदा तरी बोला, असं मी मनात म्हणत होते.

"नाही सापडली गा," सर म्हणाले. "तीन होत्या, पण त्या इथल्या नाही. सुनंदाबाईनं अन् मनोहरभाऊनं बाहेरून आणून ठेवल्या."

"त्यांनी? काहून?" पुण्यात राहून राहून मुलगा शुद्ध बोलायला लागला होता, पण हे 'काहून' तोंडातून आलंच.

सरांनी चिखलाचे हात चड्डीला पुसले. "मी जाऊ नाही म्हणून," ते म्हणाले.



"मग राहा बाबा तिथंच," नितीन म्हणाला. "मी येतो. तिकीट माझं काढतो."

मी ढसाढसा रडले, सांगते सरळ. यांचंही नाक वाहत होतं, पण हे थंडीवर ढकलतात. सरांनी तिन्ही अळ्या अलगद डब्यात घेतल्या.

"चला मनोहरभाऊ, यांले आत्ताच परत नेऊ. दुसऱ्याच्या पाण्यात नाही जगत हे," म्हणाले, आणि ओल्या गमबुटांनिशी जाऊन स्कूटरवर माझ्या जागी बसले.