प्राण्यांना पहिला हक्क

गजेंद्र भामरे यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात स्वतः गाडी चालवत वन्यप्राणी पाहायचं ठरवलं, तेव्हा कायदा मोडण्याचा त्यांचा कोणताही हेतू नव्हता. मूळचे धुळ्याकडचे भामरे सुरतेतल्या एका शाळेत कार्यालय अधीक्षक होते. भेस्तानला त्यांचा स्वतःचा फ्लॅट होता, पांढरी गाडी होती, आणि बावीस वर्षं सुरतेत गाडी चालवूनही त्यांच्या नावावर एकही पावती फाटली नव्हती.

कल्पना मुळात त्यांच्या पत्नीची, चंचलबाईंची. त्या एका मराठी शाळेत गणित शिकवत. वर्गात साठ मुलं बोलत, घरी भामरे बोलत.

"मला एकदा गप्प बसून हत्ती बघायचाय," त्या म्हणाल्या. "शेजारी बसून कोणी माहिती सांगायला नको."

त्यामुळे सहल कंपनी बाद झाली. समोरच्या ब्लॉकमधले ललितभाई तसे जाऊन आले होते. त्यांना सहा दिवस गरम खमण मिळालं आणि सिंहाची शेपटी दिसली. बाकीचा सिंह दिसायच्या आत बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली होती.

अभयारण्याची नियमावली चंचलबाईंनी छापून आणली. ठरवून दिलेल्या जागेशिवाय गाडीतून उतरू नये. हॉर्न वाजवू नये. वेग ताशी चाळीसच्या आत ठेवावा. काच दोन बोटांहून जास्त उघडू नये. प्राण्यांना खायला घालू नये. प्राणी रस्त्यात असल्यास पहिला हक्क त्याचा. इंजिन बंद करून तो जाईपर्यंत थांबावं.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे तुम्हाला जमणार नाही."

"का?"

"पार्किंगमधून गाडी काढतानासुद्धा तुम्ही हॉर्न वाजवता. पुढे भिंत असते."

भामरे दुखावले. बराच वाद होऊन असं ठरलं, की एक आठवडा सुरतेतच हे नियम पाळून दाखवायचे. जमलं, तरच तिकिटं काढायची.

सोमवारी त्यांनी हॉर्न वाजवला नाही. दुपारी मेकॅनिक छगनचा फोन आला. "साहेब, हॉर्न गेला म्हणे तुमचा. गाडी लावून जा, दहा मिनिटांचं काम आहे." हॉर्न चांगला आहे, आपण मुद्दाम वाजवत नाही, असं भामऱ्यांनी सांगितल्यावर छगननं विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मंगळवारी रिकाम्या चौकात ते लाल दिव्याला थांबले. मागच्या रिक्षावाल्यानं उतरून, पत्ता सापडत नाही का, अशी आपुलकीनं चौकशी केली.

बुधवारी सकाळी चंचलबाई शेजारी बसल्या असताना पर्वत पाटियाजवळ रस्त्यात एक बैल उभा दिसला. भामऱ्यांनी वीस पावलं अलीकडे गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. बैलानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मागे साड्यांच्या पार्सलांचा टेम्पो थांबला, त्यामागे रिक्षा, त्यामागे शाळेची बस. वीस मिनिटांत रांगेचं शेवटचं टोक दिसेनासं झालं. तेव्हा हवालदार किरणभाई आले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं.

"शुं थयुं काका? गाडी बगडी?"

"गाडी ठीक आहे. प्राणी जाईपर्यंत थांबलोय."

किरणभाईंनी बैलाकडे निरखून पाहिलं. "ए तो नहीं जायेगा. बैठ गया है."

"मग आम्हीही बसतो."

"नीचे उतरो."

"उतरायला मनाई आहे."

"किसकी?"

चंचलबाईंनी दोन बोटांच्या फटीतून नियमावली बाहेर सरकवली. किरणभाईंनी ती वाचली. कागद छापील होता, त्याला क्रमांक होते, खाली सही होती. असा कागद एकट्यानं मोडीत काढण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मोकाट जनावरं पकडणारं पथक बोलावलं.

पथक दोर आणि मोजपट्टी घेऊन आलं. मोजणी केली, तेव्हा बैल आणि दुभाजक यांच्यामध्ये अकरा फूट रस्ता मोकळा निघाला. म्हणजे बैलामुळे वाहतूक अडली नव्हती, ती गाडीमुळे अडली होती. पंचनाम्यात लिहिलं गेलं: 'बैल शांतपणे बसलेला आढळला. वाहनही शांतपणे उभे आढळले. बैलास थांबण्याचे कारण सांगावे लागत नाही, वाहनास लागते. वाहनचालकाने दिलेले कारण बैल हेच असून, बैल निर्दोष असल्याने वाहन विनाकारण थांबले, असे सिद्ध होते.'

बैलाला सोडून गाडीला क्रेन लावली. पती-पत्नी उतरायला तयार नसल्यानं त्यांनाही गाडीसकट उचललं. क्रेन सुरू झाल्याबरोबर बैल उठला, त्यानं अंग झाडलं आणि तो बाजारात निघून गेला.

जप्तीचा कागद पथकाचा होता आणि त्यावर एकच ठिकाण छापलेलं होतं: कोंडवाडा. त्यामुळे भामऱ्यांची गाडी सत्तर गाईबैलांच्या मधोमध नेऊन ठेवण्यात आली. तिथले कारकून हिलाल पाटील जाडजूड वही घेऊन आले. तेही धुळ्याकडचेच निघाले, पण वहीचे रकाने त्यांच्या हातात नव्हते.

"रंग?"

"पांढरा."

"वय?"

"गाडीचं की माझं?"

"रकाना एकच आहे."

"बावन्न."

"शिंगं?"

काच वर असल्यानं भामऱ्यांना नीट ऐकू आलं नाही, हॉर्नबद्दल विचारतायत असं वाटलं. "आहे. पण आता वाजवत नाही."

हिलाल यांनी लिहिलं: 'शिंगे आहेत. मारत नाही.'

गाडीतून फक्त ठरवून दिलेल्या जागीच उतरता येतं, अशी अडचण चंचलबाईंनी दुपारी मांडली. हिलाल यांनी न्हाणीघराच्या दाराशी खडूनं चौकोन आखला आणि आत लिहिलं, 'उतरण्याची जागा'. असा सभ्य अधिकारी सापडणं हे भाग्यच.

मग मात्र वेगळंच घडलं. एक वासरू येऊन आरसा चाटायला लागलं. एक म्हातारी गाय बॉनेटला पाठ लावून रवंथ करत बसली. चंचलबाई बघत राहिल्या. गीर गाय कशी ओळखावी, हे भामरे सांगणार तेवढ्यात त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. भामरे थांबले. पंचवीस वर्षांत ते दोघं इतका वेळ शेजारी-शेजारी, न बोलता आणि न रुसता बसले नव्हते. ऊन उतरेपर्यंत ते तसेच बसून होते. "बरं वाटतंय," एवढंच चंचलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्य जोडणारी मंडळी चारा घेऊन आली. त्यांनी गाडीभोवती कडं केलं. एका शेठनी हिलालना हळूच विचारलं, "आ लोको शुं खाय छे?" फटीतून पोळी आणि गूळ आत आला. खायला घालण्यास मनाई असल्याचं भामरे सांगत होते. चंचलबाईंनी तोवर पोळी अर्धी संपवली होती.

सुटकेसाठी मालकानं समक्ष येऊन ओळख पटवायची होती.

"मालक मीच," भामरे म्हणाले.

"मालक बाहेरून यावा लागतो, भाऊसाहेब," हिलाल हळहळून म्हणाले. "आत असलेल्याला मालक कसं लिहू?"

शेवटी भेस्तानहून भामऱ्यांच्या आई, भागीरथीबाई, रिक्षानं आल्या. हिलालनी विचारलं, "आजी, ओळखता का?"

"मना गज्या शे तो."

"मग लिहून द्या, की याला पुन्हा रस्त्यावर मोकाट सोडणार नाही."

"कधीच सोडेल नव्हता," त्या म्हणाल्या. "लगीन व्हयनं आनि सुटी गया." आणि त्यांनी अंगठा उठवला.

त्या अंगठ्यानं सहलीचा निकाल लावला. परदेशात गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी भामरे चंचलबाईंसह दोघांचे अर्ज घेऊन गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसानं आधी कोंडवाड्याची नोंद काढली. आईनं मोकाट न सोडण्याची हमी दिलेली असताना आपलं कार्यालय त्यांना दुसऱ्या खंडात सोडू शकत नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. मग तो चंचलबाईंकडे वळला. गाडी त्यांना चालवता येत होती, संधी मिळत नव्हती.

"तुम्ही कधी बैलासाठी थांबलात?"

"मी शेजारी बसले होते."

"म्हणजे नाही," असं म्हणून त्यानं शिक्का मारला.

घरी आल्यावर भामरे बराच वेळ नकाशा उलगडून बसले. मग त्यांनी त्याची घडी घातली. "तू जा."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल. पण मी आलो असतो, तर हत्तीसमोर बोललो असतो."

चंचलबाईंना यावर खोटं बोलता आलं नाही. डिसेंबरात त्या एकट्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. हत्ती दिसले होते. चाळीस मिनिटं. काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि भामऱ्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं नाही.

सिंहाची हकीकत मात्र त्यांनी सविस्तर सांगितली. सिंह रस्त्याकडेला झोपला होता आणि भोवती अकरा गाड्या गुपचूप उभ्या होत्या. बाराव्या गाडीतून पिवळ्या टोपीतले एक गृहस्थ खाली उतरले, सिंहाकडे पाठ करून उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत बायकोला म्हणाले, "काही करत नाही गं तो. काढ पटकन."

वनरक्षकानं चंचलबाईंच्या गाडीपाशी येऊन विचारलं, ही भाषा तुम्हाला समजते का. त्यांनी काच दोन बोटं खाली घेतली आणि त्या गृहस्थांना नियम समजावून सांगितले.

"नियम आम्हालाही माहीत आहेत, बाई," ते म्हणाले. "दोन मिनिटांनी काय होतंय?"

सिंहानं एक डोळा उघडला, पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्याचं पोट भरलेलं होतं.

ते गृहस्थ सुखरूप घरी परतले. सध्या ते ही गोष्ट वाचत आहेत, आणि इथपर्यंत येऊन मान डोलावत शेजारच्याला सांगत आहेत, की आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही.