बरणीची जोडी

"जुनी वस्तू मला लांबून हाक मारते," असं पारखी छातीठोकपणे सांगत. 'पारखी' हे नाव त्यांना ऑफिसात कौतुकाने पडलं की थट्टेने, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. दर रविवारी घरामागच्या गल्लीतली छोटी दुकानं ते पालथी घालत. एकात हाताने शिवलेल्या वह्या, दुसऱ्यात विणलेल्या टोपल्या आणि टोकाला जुन्या वस्तूंचं दुकान. घरात चार घड्याळं बंद पडून होती, ती सगळी या हाकांना ओ दिल्यामुळेच.

या रविवारी मात्र ते हौसेने निघाले नव्हते. बायको दोन दिवस बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात कपाट पुसण्याची दुर्बुद्धी झाली आणि सासूबाईंनी जाताना दिलेल्या चिनी मातीच्या बरणीचं झाकण हातून सुटलं. निळी वेलबुट्टी, झाकणावर चिमणी. बायको त्या बरणीला कोणाला हातही लावू देत नसे, आणि ती संध्याकाळी परतणार होती! पारख्यांनी बरणी पिशवीत घातली, चिमणीचे तुकडे रुमालात बांधून खिशात टाकले आणि गल्ली गाठली.

दुकानाच्या मालकीणबाईंनी अर्धं दुकान उपसून एक झाकण काढलं. तोच निळा रंग, तंतोतंत माप. फक्त चिमणीच्या जागी कळी. पारख्यांचा जीव भांड्यात पडला.

"काका, शेजारी एक आरसा पोचवून येते. पाच मिनिटं दुकान बघाल?" मालकीणबाईंनी विचारलं. दाराजवळच्या टेबलावरचं सगळं विकायचं, आतलं मात्र विचारल्याशिवाय नाही, हा दुकानाचा नियमही त्यांनी सांगितला. पण पारख्यांना नियम ऐकू कुठला येतोय! आयुष्यभराचं स्वप्न गल्ल्यावर बसलं होतं. टेबल फारच ओकंबोकं दिसतंय म्हणून त्यांनी आपली बरणी, कळीच्या झाकणासकट, शोभेला तिथे मांडली.

पहिलंच गिऱ्हाईक आतल्या कोपऱ्यातल्या पितळी डब्यापाशी थबकलं.

"हा गरम कसा?"

"जुन्या पितळेचा गुण आहे तो," पारखी म्हणाले. "ऊब धरून ठेवतं."

डबा खपला. मालकीणबाई परतल्या आणि कोपऱ्याकडे बघतच राहिल्या. तो त्यांचा दुपारच्या जेवणाचा डबा होता.

पारखी धावत सुटले. दोन चौक पलीकडे गिऱ्हाईक बाकावर बसून निवांत जेवत होतं. मीठ जरा कमी आहे, पण पितळ अस्सल आहे, असं त्याने सांगितलं. बरीच हुज्जत घालून पारख्यांनी रिकामा डबा परत मिळवला.

दुकानात येऊन पाहतात तो मालकीणबाई उपाशीपोटी घरी जेवायला गेलेल्या. गल्ल्यावर त्यांचे यजमान बसले होते आणि दारातलं टेबल मोकळं होतं.

"ती बरणी ना? एका बाईंनी बघताक्षणी उचलली," यजमान खुशीत म्हणाले. "घरी अशीच एक आहे, जोडी होईल म्हणाल्या."

पारख्यांनी रिकामा डबा गल्ल्यावर ठेवला आणि बाहेर धाव घेतली. संध्याकाळपर्यंत ते गल्लीत प्रत्येक बाईच्या पिशवीत डोकावत फिरले आणि तीन ठिकाणी बोलणी खाल्ली. शेवटी जिन्यात उभे राहून त्यांनी चार थापांची उजळणी केली आणि दार ढकललं. बायको आधीच आली होती. टेबलावर बरणी होती. कळीच्या झाकणाची.

"सकाळचीच गाडी मिळाली," ती म्हणाली. "गल्लीतून येताना ही दिसली. अहो, तुमचं खरं आहे हो, जुनी वस्तू लांबून हाक मारते."

बरणी घरी परत आली होती! पारख्यांना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"आता आपली काढा कपाटातून," बायको हौसेने म्हणाली. "चिमणी आणि कळी शेजारी शेजारी ठेवू."

पारख्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. चारही थापा कुठल्या कुठे पळाल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि हळूच सोडून बरणीशेजारी ठेवला.

"ही घे चिमणी," ते म्हणाले. "बरणी मात्र दोघींत मिळून एकच आहे."