शांततेतला नळ

"अहो, नळ गळतोय," हे वाक्य कानसेनांच्या घरात रोज एकदा तरी म्हटलं जायचं, आणि कानसेन रोज "हं" म्हणायचे. उद्या प्लंबरला बोलावतो हा अर्थ त्या "हं"मध्ये होता, आणि तू काय म्हणालीस ते ऐकलंच नाही, हाही होता. असे कित्येक महिने गेले.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. विम्याच्या कचेरीत दिवसभर फायली इकडच्या तिकडे करणारा हा गृहस्थ घरी आला, की जुन्या सिनेमांच्या सेवेला लागायचा. कुठूनकुठून मिळवलेल्या जुन्या प्रतींवरचे ओरखडे पुसायचे, आवाजातली खरखर काढायची, तुटलेली वाक्यं सांधायची, हा त्यांचा छंद. त्यांच्यासारख्याच वेड्यांचं एक मंडळ होतं. ढीगभर खरखरीतून नायिकेच्या बांगडीचा आवाज वेगळा काढणारा माणूस म्हणून मंडळाने त्यांना 'कानसेन' ही पदवी दिली होती. ती त्यांना साहेबाच्या शाबासकीपेक्षाही प्यारी होती. बायको म्हणायची, बांगडी ऐकू येते, पण ती घातलेली बाई काय बोलते ते तेवढं ऐकू येत नाही.

मंडळाच्या जिवाला एका सिनेमाने फार वर्षांपासून घोर लावला होता. त्यात नायिका घरात एकटी बसलेली असते. नवरा निघून गेलाय. चांगली तीन-चार मिनिटं ती नुसती खुर्चीत बसते, मग उठते आणि खिडकी उघडते. शब्द नाही, संगीत नाही. समीक्षकांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली होती. पण उपलब्ध प्रतींमध्ये त्या जागी इतकी खरखर होती, की खरोखर तिथे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे घड्याळ आहे, कुणी म्हणे वारा. मंडळाचे संयोजक दातांचे डॉक्टर होते. ते तर पेशंटच्या तोंडात आरसा घालूनही याच विषयावर बोलायचे, आणि पेशंटला मतभेद नोंदवता यायचा नाही.

अशात एका भंगारवाल्याकडे त्या सिनेमाच्या मूळ आवाजाची टेप सापडली आणि ती अर्थातच कानसेनांकडे आली. टेप वाजवायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण त्याची वायर जोडायची जागा मोडलेली. म्हणून त्यांनी यंत्राच्या स्पीकरपुढे माइक ठेवला, त्याची वायर संगणकात घातली, कानांवर हेडफोन चढवले आणि रविवारच्या दुपारी खोलीचं दार लावून घेतलं. खोली बाथरूमला लागून होती. टेप इतकी जुनी, की एकदा पूर्ण वाजली आणि दुसऱ्यांदा लावताना तिचे तुकडे झाले. पण त्या एका वेळेत कानसेनांनी ते ऐकलं. नायिका बसलेली, आणि मागे कुठेतरी टप... टप... टप.

त्यांच्या अंगावर काटाच आला. शांतता नव्हतीच ती. तिच्या घरात नळ गळत होता.

त्यांनी तो तुकडा मंडळाला पाठवला आणि मंडळ वेडं व्हायचंच बाकी राहिलं. डॉक्टरांनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून लेख लिहिला. सुरुवातीला नळाचा आवाज कोरडा येतो, मग एकदम बदलतो, म्हणजे खाली बादली ठेवली गेली. बादली पितळेचीच आहे, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. पुढे आवाज हळूहळू जड होत जातो, कारण बादली भरते आहे, तसं नायिकेचं मनही भरून येतं आहे. आणि ती उठते त्याच क्षणी नळ थांबतो. तिचं वाट पाहणं संपलं. असा ध्वनी रचणारा माणूस कोण, हे लोक विचारू लागले. तेव्हा कळलं, की सिनेमाचे ध्वनिमुद्रक अजून आहेत, ऐंशी ओलांडलेत, आणि बोलावलं तर येतील. वाचनालयाच्या सभागृहात खेळ ठरला.

कानसेन हवेत होते. कौतुकाने त्यांनी तो तुकडा बायकोला ऐकवला. तिने शांतपणे शेवटपर्यंत ऐकला.

"हा आपला नळ आहे," ती म्हणाली.

"अगं, काहीतरीच काय? नळ सगळे सारखेच वाजतात."

"वाजत असतील. पण ही आपली निळी बादली आहे, मी ठेवली होती. आणि शेवटी कॉक बंद केला तोही मीच. डोकं उठलं होतं माझं."

कानसेनांनी तो तुकडा पुन्हा लावला, कान लावून ऐकला, मग बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत टप... टप... टप. सगळ्या मंडळाने ज्यांच्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांना स्वतःच्या घरातला नळ ओळखता आला नव्हता. हे फुटलं तर कानसेन ही पदवी शिवीसारखी वापरली गेली असती.

घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. आधी पुरावा नष्ट केला. महिनोन्‌महिने न आलेला प्लंबर तासाभरात आला आणि वॉशर बदलून गेला. बायको थक्क झाली. मग कानसेन सिनेमातून नळ काढायला बसले, आणि तिथेच मेख होती. नळ खोडला की टेपच्या सुऽऽ आवाजात जागोजागी भोकं पडत. सगळाच आवाज बंद केला तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटे. नळ नीट काढायचा तर संगणकाला नुसत्या नळाचा नमुना द्यायला हवा, आणि नळ तर दुरुस्त झालेला.

त्यांनी प्लंबरला पुन्हा बोलावलं आणि नळ होता तसा करून द्या म्हणून सांगितलं.

"म्हणजे गळका?" प्लंबरने विचारलं.

"पहिल्यासारखाच गळका. जरा सावकाश, आणि थेंब मोठा हवा."

प्लंबरने कानसेनांच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे काय ते प्लंबरला कळलं नाही, पण तो कामाला लागला. जुना वॉशर त्याने केव्हाच फेकून दिला होता. नवीन वॉशर कापून, घासून, उलटा लावून पाहिला. नळ कधी धार सोडायचा, कधी रुसून बसायचा. कानसेन मोरीत पाटावर बसून, माइक हातात धरून, "थोडं उजवीकडे फिरवा," असं सांगत होते. शेवटी प्लंबर म्हणाला, की गळका नळ बंद करणं त्याला येतं, ठरवून गळवणं हे काम वेगळं आहे, आणि तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

आता काही उपाय नव्हता. बायकोने सांगितलं, की सरळ उभं राहून खरं सांगून टाका, लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. कानसेनांनी तिला तसं वचन दिलं. पदवी गेली तर गेली, असंही म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

खेळाच्या दिवशी सभागृह भरलं. तो प्रसंग आला, टपटप सुरू झाली आणि शेवटच्या थेंबापर्यंत कुणी खाकरलंसुद्धा नाही. दिवे लागले. कानसेन वचनाप्रमाणे उठले, पण डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि आधी आजोबांना बोलू द्या म्हणाले. ध्वनिमुद्रक आजोबा काठी टेकत उभे राहिले. नळाबद्दल सांगा, असा सगळीकडून आग्रह झाला.

आजोबांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "हो. नळ माझीच कल्पना."

टाळ्या थांबेनात. कानसेन अर्धवट उठलेले तसेच राहिले. आता खरं बोलायचं म्हणजे भरसभेत एका म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायचं. खोटं बोलायचं म्हणजे बायकोला दिलेलं वचन मोडायचं. ते बायकोकडे बघायला वळले, तर ती उभी राहिली होती.

"बादली कशाची होती?" तिने आजोबांना विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी घामाघूम झालेल्या कानसेनांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला काय ऐकू आलं, बाई?"

"प्लॅस्टिकची."

"मग प्लॅस्टिकचीच," आजोबा म्हणाले. डॉक्टरांचा चेहरा पडला, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

चहाच्या वेळी आजोबा या दोघांना गाठून कोपऱ्यात घेऊन गेले. कानसेनांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर आजोबांनी हात वर केला.

"नळ तुमचाच ना? वाटलंच मला. कारण तिथे आवाज असणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी मी माइक चालू करायला विसरलो होतो."

बायकोने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"कळलं तेव्हा सेट मोडून झाला होता," आजोबा सांगू लागले. दिग्दर्शकाला सांगायला म्हणून ते गेले, तर तो तेच दृश्य पाहत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी. त्याने उठून मिठी मारली आणि म्हणाला, केवढी हिंमत केलीस, काहीच ठेवलं नाहीस. मिठी मारलेल्या माणसाला काय सांगणार? पुढे पुस्तकांत आलं, बक्षीस मिळालं, पोरं अभ्यास करायला लागली. आजोबांना मात्र सभेत कुणी हात वर केला, की छातीत धस्स व्हायचं. आज कुणीतरी विचारणार, ती शांतता कशी सुचली?

"आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी सुटलो," ते म्हणाले. "मी आहे तोवर तो नळ काढू नका."

कानसेनांनी हातातला कप खाली ठेवला. आपल्यापेक्षा कितीतरी पटीने मोठं ओझं हा माणूस जन्मभर वाहत होता, आणि त्यांना फक्त आजोबांचे पाय धरावेसे वाटले. बायकोने पदराने डोळे पुसले आणि काढणार नाही म्हणून सांगितलं.

तेवढ्यात डॉक्टर वही उघडून आले. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, लेखाची दुसरी आवृत्ती निघणार होती. "आजोबा, नळ नेमका कोणत्या क्षणी बंद करायचा, हे कसं ठरवलंत?"

आजोबांनी कानसेनांच्या बायकोकडे पाहिलं.

"फार वैताग आला, की," ती म्हणाली.

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले, आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.