चपान, चार स्क्रू आणि थांबा-ओपा

दुर्दोनाच्या लग्नाची रोटी मोडायला मुलाकडची मंडळी अकरा वाजता यायची होती आणि सव्वानऊ वाजता तिच्या वडिलांनी, म्हणजे तुर्गुन-अकांनी, ड्रिल मशीन हातात घेतलं.

"बाबा," दुर्दोना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आजचा एक दिवस काही दुरुस्त करू नका ना!"

"बेटा, तू समोसे बघ. कठडा मी बघतो."

"म्हणूनच म्हणतेय."

तुर्गुन-अका कोकंद शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतात. घरातली एखादी वस्तू त्यांनी दुरुस्त केली, की घरचे ती जन्मभर विसरत नाहीत. पण आजचं कारण खरंच गंभीर होतं. अंगणात पाण्याच्या पाटाला लागून त्यांची लाकडी बैठक आहे. चार पायांवरचा, दहा माणसं मावतील एवढा चौथरा आणि तीन बाजूंना बुटका कठडा. मागच्या कठड्याला टेकून बसायची जागा सर्वांत मानाची, आणि नेमका तोच कठडा कोपऱ्यातल्या खांबापासून सुटला होता. कठड्यामागे पाट. आज त्या जागी मुलाचे आजोबा हाशिम-बोबो टेकणार होते. वय ब्याऐंशी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून रोटी मोडली की आमच्याकडे लग्न पक्कं होतं. पण वडीलधारेच पाटात गेले, तर कशाचंच काही खरं नाही.

अडचण अशी, की तुर्गुन-अकांच्या अंगात चपान होतं. निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचं, आत कापूस भरलेलं, घोट्यापर्यंत लांब, म्हणजे मानाचा अंगरखाच. गेल्या भेटीत हाशिम-बोबोंनी ते स्वतः त्यांच्या खांद्यावर घातलं होतं. काय त्या माणसाची अदब! चहाची वाटी उजव्या हाताने घ्यायची आणि डावा हात बाहीसकट छातीवर. दोन तासांत त्या हाताच्या बोटाचं टोकसुद्धा बाहीबाहेर आलं नाही. "शिका काहीतरी," असं दुर्दोनाची आई सानोबर-ओपा त्या दिवसापासून नवऱ्याला रोज सांगत होत्या.

"मी हे जरा काढून ठेवतो," तुर्गुन-अका म्हणाले.

"अजिबात नाही!" सानोबर-ओपा धावत आल्या. "दुर्दोनाचे बाबा, कमरेचा रुमाल मी तीन गाठी मारून बांधलाय. ती मंडळी लवकर आली आणि बोबोंना तुमच्या अंगावर चपान दिसलं नाही तर? म्हणतील, यांना स्थळ पसंत नाही. सरळ दारातून परत जातील."

"अगं, पण काम करताना..."

"मग काम अदबीने करा."

तुर्गुन-अकांनी काम अदबीने केलं. एक पाय चौथऱ्यावर, एक पाटाच्या बाजूला, असे ते घोड्यावर बसावं तसे कठड्यावर बसले. चपानाचा घेर पुढे-मागे नीट पसरला. मग चार लांब स्क्रू वरून एकामागून एक कठड्यातून खांबात घातले. ड्रिल सुसाट फिरत होतं, पुढे लावलेला बिट एक माप लहान होता, आणि स्क्रूच्या डोक्यावरच्या चौफुलीची पार वाटी होऊन गेली. पण कठडा हलेनासा झाला. तुर्गुन-अकांनी कपाळावरचा घाम पुसला, समाधानाने मान डोलावली आणि उठायला गेले.

ते उठले नाहीत.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसले. मग हळूच खाली पाहिलं. चपानाचा कापूस स्क्रूंभोवती शेवयांसारखा गुंडाळला गेला होता.

"सानोबर," ते शांतपणे म्हणाले. वर्गात एखाद्या मुलाने खिडकी फोडली की त्यांचा आवाज असाच होतो. "जरा ये."

सानोबर-ओपांनी पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "आता? आता काढा ते चपान! काहीतरी सांगू!"

"चपान निघेल गं. पण चौथा स्क्रू विजारीतूनही गेलाय."

"आणि मांडीतून?"

"मांडी वाचली."

"मग विजारही काढा!"

"अंगणात? आज?"

हे बोलणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं आणि शेजारचे सोदिक-अका भिंतीवरून डोकावले. सोदिक-अका मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. संकट कोणतंही असो, त्यांच्याकडे लोखंड कापायचा ग्राइंडर असतो.

"अका, हलू नका! दोन मिनिटांत स्क्रू कापून टाकतो."

"याच्या चाकावरचं कव्हर कुठे गेलं?" सानोबर-ओपांनी विचारलं.

"कव्हर लावलं की नीट दिसत नाही हो, ओपा."

त्यांनी ग्राइंडर सुरू केला. दुर्दोना किंचाळली. तुर्गुन-अकांनी डोळे मिटले. आणि फाटकातून एक शब्द आला. मोठ्याने नाही, पण असा, की चाक आपणहून थांबल्यासारखं वाटलं.

"थांबा."

फाटकात गल्लीतल्या ओयदिन-ओपा उभ्या होत्या, ड्रिलचा आवाज ऐकून आलेल्या. बुटक्या, सडपातळ, डोक्याला रुमाल, हातात लाल पत्र्याची पेटी. एकतीस वर्षं त्यांनी फर्निचरच्या कारखान्यात कामगारांना सुरक्षा शिकवली. निवृत्त झाल्या त्या कारखान्यातून, सुरक्षेतून नाही. लग्नात त्या आचाऱ्याला बाह्या दुमडायला लावतात. न्हाव्याकडे गेल्या तर आधी त्याच्या वस्तऱ्याकडे बघतात. पहिला शब्द कायम तोच, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना मागून थांबा-ओपा, म्हणजे थांबा-ताई, म्हणतो. समोर म्हणायची कुणाची छाती नाही.

"सोदिक, प्लग काढ. बटण नव्हे, प्लग. ड्रिलचाही काढ. हा वायरचा बोर्ड पाटाच्या ओल्या काठावर कुणी ठेवला?"

कुणीच ठेवला नव्हता. बोर्ड उचलून कोरड्या फरशीवर आला.

"ओपा, ती मंडळी अकराला येतायत," सानोबर-ओपा रडवेल्या होऊन म्हणाल्या. "लवकर काहीतरी करा."

"लवकर तर यांनी केलंच आहे," ओयदिन-ओपा तुर्गुन-अकांकडे बघत म्हणाल्या. मग सोदिक-अकांना म्हणाल्या, "आणि तू. ठिणग्या कुठे पडल्या असत्या?"

सोदिक-अकांनी चपानाकडे पाहिलं. कापसाकडे पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले आणि ग्राइंडर पाठीमागे लपवला.

ओयदिन-ओपांनी अंगठी काढली, रुमालाची टोकं मानेमागे घट्ट बांधली, बाह्या कोपरापर्यंत चढवल्या, हातमोजे घातले. मग वाकून चौथा स्क्रू आणि मांडी यांच्यामध्ये दोन बोटं धरली. नेमकी दोनच मावली.

"तुर्गुन, इथे मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. भूगोलात नसेल."

तुर्गुन-अका पांढरेफटक पडले. दुर्दोना येऊन वडिलांचा हात धरून उभी राहिली.

मग काम सुरू झालं. पेटीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा निघाला. तो झिजलेल्या डोक्यावर ठेवून त्यावर मोठा स्क्रूड्रायव्हर सगळं वजन टाकून दाबायचा आणि हाताने, अगदी सावकाश, उलटा फिरवायचा. रबर वाटीत रुतलं आणि पहिला स्क्रू कुरकुरत वर आला. दुसरा आला. तिसऱ्याला सहा मिनिटं लागली. ओयदिन-ओपांच्या मनगटाची शीर तट्ट फुगली होती, पण चेहरा तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखा. सोदिक-अका तोंड उघडं ठेवून बघत होते. माणूस एवढ्या हळू काम करून एवढ्या लवकर पुढे जाऊ शकतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

चौथा मात्र ऐकेना. त्याच्या डोक्यावर धरायला काही उरलंच नव्हतं.

"याचं डोकं उडवावं लागेल," ओयदिन-ओपा म्हणाल्या.

"कुणाचं?" तुर्गुन-अकांनी विचारलं.

"स्क्रूचं. सानोबर, भाजी चिरायचा पाट आण. जाड असेल तो."

पाट मांडी आणि स्क्रू यांच्यामध्ये पाचरीसारखा बसवला. तुर्गुन-अकांच्या डोळ्यांवर गॉगल चढला, ओयदिन-ओपांच्याही. ड्रिलला लोखंड कापणारा बिट लागला, तो घट्ट बसल्याची दोनदा खात्री झाली, आणि मगच प्लग आत गेला. बिट स्क्रूच्या डोक्यावर टेकला, आणि फाटकाबाहेर तीन मोटारींची दारं वाजली.

पावणेअकरा. मंडळी लवकर आली होती.

हाशिम-बोबो सर्वांत पुढे, मागे मुलाचे आईवडील, आत्या, आणि रोट्यांची टोपली डोक्यावर घेतलेली एक मावशी. अंगणातले सगळे पुढे झाले. यजमान तेवढे बसून राहिले. कठड्यावर, घोड्यावर बसल्यासारखे, डोळ्यांना काळा गॉगल, मांडीजवळ भाजीचा पाट. हात छातीवर ठेवून ते कमरेपर्यंत वाकले, पण कमरेखालचे तिथेच राहिले.

आमच्याकडे पाहुण्यासाठी माणूस आजारातून उठतो. न उठणं म्हणजे फाटक तोंडावर लावणं.

"मागच्या खेपेला गल्लीच्या टोकापर्यंत आले होते घ्यायला," आत्या मोठ्याने म्हणाली. "आज उठवतसुद्धा नाही वाटतं?"

हाशिम-बोबोंचा चेहरा दगडासारखा झाला. दुर्दोनाचा तर बघवत नव्हता. बोबो एक पाऊल पुढे आले.

"थांबा," ओयदिन-ओपा म्हणाल्या.

सानोबर-ओपांनी खांबाचा आधार घेतला. ब्याऐंशी वर्षांच्या मुख्य पाहुण्याला आजवर कुणी असं थांबवलं नव्हतं, निदान या शतकात तरी.

"बोबो, मशीन चालू करतेय. तीन पावलं मागे. आणि बाह्या वर घ्या."

हाशिम-बोबोंनी त्या बुटक्या बाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं, मांडीजवळच्या पाटाकडे पाहिलं. मग मोजून तीन पावलं मागे सरले. उजवी बाही दातांनी धरून वर ओढली. डावी तशीच छातीशी धरली.

ड्रिल घरघरलं. लोखंडाचा चुरा उडाला, जळका वास आला, आणि टिक्कन स्क्रूचं डोकं उडून पाटाच्या पाण्यात जाऊन पडलं. ओयदिन-ओपांनी आधी प्लग काढला. मग विजार आणि चपान हळूच वर उचललं आणि म्हणाल्या, "आता ऊठ."

तुर्गुन-अका असे उठले, की आत्या दोन पावलं मागे गेली.

"ते बसले नव्हते हो," सानोबर-ओपांना रडू फुटलं. "ते बसवले गेले होते! बोबो, तुमचं चपान अंगावरून काढायचं नाही म्हणून... मीच सांगितलं होतं, माझीच चूक."

हाशिम-बोबोंनी चपानाची चार भोकं न्याहाळली. शेवटच्या भोकावर त्यांची नजर बराच वेळ राहिली. "घाईत होतात?"

"हो, बोबो," तुर्गुन-अका खाली मान घालून म्हणाले.

"हं," बोबो म्हणाले. एवढंच. त्या एका अक्षरात दुर्दोनाचं लग्न लोंबकळत राहिलं.

"बसा ना, बसा," सानोबर-ओपा लगबगीने गाद्या झटकायला धावल्या.

"थांबा. कठडा सुटलाय. आता तो नीट बसेल, मग माणसं बसतील."

आणि मंडळी उभी राहिली. दोन्हीकडची, सगळी, पंचवीस मिनिटं. यजमान उठत नाही म्हणून रागावलेल्या आत्यालाही बसायची हिंमत होईना. समोसे निवत होते. ओयदिन-ओपांनी आधी तुटका स्क्रू पकडीने धरून काढला, मग खुणा केल्या.

"आधी बारीक भोक पाडणार ना?" बोबोंनी विचारलं.

ओयदिन-ओपांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुम्ही सुतारकाम केलंय?"

"फार पूर्वी."

"मग कठडा धरा. कोपराने. हात बिटाच्या रेषेत नको."

ब्याऐंशी वर्षांच्या पाहुण्याने कोपराने कठडा धरला. आधी बारीक भोकं, मग नव्या जागी नवे स्क्रू, योग्य मापाचा बिट, शेवटचे दोन फेरे हाताने. काम झालं. प्लग निघाला. ओयदिन-ओपांनी गॉगल वर केला आणि एकतीस वर्षं दर पाळीच्या शेवटी विचारायच्या ते विचारलं.

"बोटं?"

"दहा!" सोदिक-अका ओरडले.

"दहा," तुर्गुन-अकांनी मोजून सांगितलं.

ओयदिन-ओपांनी बोबोंकडे पाहिलं. मुलाच्या वडिलांनी घाईघाईने काही बोलायला तोंड उघडलं, पण बोबोंनी मान हलवली. मग डावा हात छातीवरून खाली घेतला आणि सावकाश बाही मागे सारली. तो हात त्यांच्या घराबाहेरच्या कुणी कधी पाहिला नव्हता.

"आठ," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो. दारात पाहुणे आले, म्हणून करवतीचं यंत्र बंद न करताच चपानाची बाही आवरायला गेलो. तेव्हा थांबा म्हणणारं कुणी नव्हतं."

ओयदिन-ओपांनी तो हात जवळून, कामाच्या नजरेने पाहिला.

"आज कामाआधी किती होती?" ओयदिन-ओपांनी विचारलं.

"आठच."

"मग बरोबर आहेत. बसा."

हाशिम-बोबो मानाच्या जागी बसले आणि सगळं वजन टाकून मागे रेलले. कठडा हूं की चूं झाला नाही. ते हसले, बाही न सावरता चहाची वाटी दोन्ही हातांनी घेतली, आणि टोपलीतली रोटी ओयदिन-ओपांच्या पुढे सरकवली.

"आमच्या घरात लेक देताना तुमची काही अट?"

"सोदिकच्या ग्राइंडरला कव्हर," त्या म्हणाल्या.

"तो आमच्या घरचा नाही."

"माहीत आहे. पण तो लग्नाला येणार."

अट मान्य झाली. रोटी त्यांनीच मोडावी, असा बोबोंचा आग्रह पडला. ओयदिन-ओपांनी हातमोजे काढले, ड्रिलचा प्लग निघालेला आहे ना हे वळून पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग रोटीला हात लावला.