चिठ्ठीवर परीक्षा घेणारे मगदूम गुरुजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार मगदूम गुरुजींचे आहेत. हुपरीच्या शाळेत ते आम्हाला चौथीला होते, आणि चालू वर्गात कुणाच्याही हातात चिठ्ठी कोंबायची त्यांना खोड होती. चिठ्ठी द्यायची आणि गप्प बघत बसायचं. हीच त्यांची वाचनाची परीक्षा.

मला पहिली चिठ्ठी मिळाली, तेव्हा मी उभा राहून खणखणीत वाचली, "खिडकी लाव." आणि शाबासकीची वाट बघत उभाच राहिलो. गुरुजींच्या टेबलावरचे कागद वर्गभर उडत होते.

"आवाज आला की रं! अर्थ कुठाय?"

लेखनाची परीक्षाही तसलीच. गुरुजींच्या घरी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, चिठ्ठी लिहून छत्री मागवायची. आमच्या वर्गातल्या हुशार मुलीने शिरसाष्टांग नमस्कारापासून सुरुवात करून पान भरलं, छत्री तेवढी राहिली. काकूंनी कौतुकाने लाडू पाठवला. गुरुजी म्हणाले, "अक्षर झ्याक हाय. पण लाडू डोक्यावर धरून जाऊ काय?" आणि भिजत घरी गेले.

त्या वर्षी तपासणीला साहेब आले. 'या शाळेतील प्रत्येक मूल वाचते' अशी पाटी मुख्याध्यापकांनी आधीच रंगवून घेतली होती. आम्ही सगळ्यांनी धडा घडाघडा म्हटला. साहेब खूश होऊन उठणार, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "साहेब, ह्यातल्या सहाजणांस्नी वाचता येत न्हाय. वेळ द्या, मी शिकवतो."

"अहो मगदूम, बसा की खाली!" मुख्याध्यापक दातओठ खात म्हणाले.

गुरुजी बसले नाहीत. त्यांनी माझा मित्र संजा याच्यासमोर पुस्तक उलटं धरलं. संजा त्यावर बोट फिरवत तोच धडा म्हणत राहिला. सगळा वर्ग हसला. सहाजणांत मीही होतो, अक्षरं वाचून अर्थ न कळणारा, तरी हसलो.

दुसऱ्या दिवशी संजाचे वडील शाळेत येऊन ओरडले, "आमच्या पोराची अब्रू काढतोय व्हय मास्तर?" साहेबांचीही अब्रू गेलीच होती. गुरुजींची बदली पन्हाळ्याच्या पलीकडे झाली. ते जायच्या आधीच पाटी लागली. संजाला वाचता येतं, हे आता सरकारी झालं.

माझी आई पैंजणाला पॉलिश करायची. तिला सही येत नव्हती. तिने मला हाताला धरून गुरुजींच्या दारात उभं केलं. "गुरुजी, जाईपतोर ह्याला तेवढं शिकवा." बाकीच्या पाचांच्या घरचं कुणी आलं नाही. मी शिकलो, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

पेढे घेऊन जयसिंगपूरला, गुरुजी आता राहत होते तिथे गेलो, तेव्हा काकू नव्हत्या. आदल्याच वर्षी वारल्या होत्या. गुरुजी एकटेच बसले होते. पेढा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "बाकीची पाचजणं वाचत्यात काय रं?"

मला माहीत नव्हतं.

"संजापुढं पुस्तक उलटं धराय नको हुतं," ते म्हणाले. "साहेबाला दाखवाय गेलो, आन् पोरगं हरवून बसलो."

परत आल्यावर मी पाचही घरं फिरलो आणि गुरुजींना पत्र लिहिलं:

"गुरुजींना नमस्कार. चौघांना वाचता येतं. संजाला येत नाही. पैंजणांच्या ऑर्डरी तो मोबाईलवर बोलून घेतो, लिहून आलेलं त्याची बहीण वाचते. पुढच्या प्रत्येक वर्गात त्याला वाचता येतं असंच लिहिलं गेलं, म्हणून कुणी शिकवायला बसलं नाही. तुमचं नाव काढल्यावर त्याने पॉलिशचं मशीन सुरू केलं, त्या आवाजात मला बोलता येईना. मग स्वतःच बंद केलं आणि विचारलं, 'काकू बऱ्या हायत न्हवं?' मी सांगितलं. त्यानंतर त्याने मशीन सुरू केलं नाही.

रविवारी मी येतोय. त्याला चल म्हणालोय. तो हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. नाही आला, तर मी एकटा येईन."