उणे तेराशे अठ्ठावन्न माणसांचे पाणी

श्रीकयाधूमाय समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मौजे जांभळगाव, तालुके सेनगाव, जिल्हे हिंगोली, येथे नदीच्या पाण्यावरून जो रणप्रसंग गुदरला, त्याची साद्यंत हकीकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी म्हणून लिहिली आहे. पुढील पिढ्या आहेत की नाहीत हाच त्या युद्धाचा मुद्दा होता, यास्तव वाचणाराने सावधचित्ते वाचावे.

पूर्वी वाटणी सोपी असे. कयाधू नदीच्या बंधाऱ्याअलीकडे जांभळगाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, आणि मध्ये पाणी. ज्याची घागर आधी तो आधी, आणि भांडण ते नंतर. मग सरकारास चिंता उपजली की आज भागले, सन दोन हजार पन्नासात काय? मग हुकूम सुटला की दोन्ही काठांची माणसे मोजावी, आणि सहा वर्षांमागील मोजणीशी ताडावी, आणि पुढील चोवीस वर्षांचा अंदाज बांधून, माणशी रोज पंचावन्न लिटर या दराने हिस्से कायमचे ठरवावे. या कामगिरीवर एका सल्लागार कंपनीचे सोमेश्वर साहेब, वय वर्षे सव्वीस, हाती टॅब, पाठीस पाण्याची बाटली, असे मोटारसायकलीवर आरूढ होऊन पौषमासी दाखल जाहले.

आता पौषात तांड्यावर माणूस कुठला? नायक खेमा हे कोयते, बैल, लेकरे आणि लेकुरवाळ्या ऐशी सारी फौज घेऊन ऊसतोडीच्या मोहिमेवर गेलेले. मागे राहिली ती म्हातारी माणसे, शेरडे, आणि खेमांच्या कारभारीण निर्मलाबाई. साहेबांनी मोजले ते अठ्ठावन्न भरले. सहा वर्षांमागे ज्या अंमलदाराने मोजले तो ऐन होळीस आला होता, आणि होळीस बंजारा घरी नाही ऐसे होत नाही, तेव्हां चारशे बारा भरले होते. उलट जांभळगावची मोजणी महादेवाच्या जत्रेदिवशी जाहली, सबब लेकी, जावई, पाळणेवाला आणि दोन जिलेबीवाले हेही गावकरी म्हणून दप्तरी दाखल झाले.

मग टॅबाने त्रैराशिक मांडिले. वर्षास एकोणसाठ माणसे घटतात. पुढल्या वर्षी तांड्यात उणे एक माणूस राहील. सन पन्नासात उणे तेराशे अठ्ठावन्न राहतील. आणि उण्या माणसाचे पाणीही उणे, म्हणोन तांडाच नदीस रोज चौऱ्याहत्तर हजार सहाशे नव्वद लिटर पाणी देणे लागतो, ऐसा निकाल निघाला. सोमेश्वर साहेबांस क्षणभर शंका आली, परंतु टॅबावर हिरवी खूण उमटली, आणि हिरव्या खुणेपुढे शहाण्याची मात्रा चालत नाही.

हा खलिता माघमासी ग्रामसभेत वाचून दाखविला गेला. सरपंच राजश्री उकंडराव पाटील यांस जत्रेच्या आकड्यावरून सन पन्नासात आपले गाव नगरपालिका होणार ऐसे कळताच नगराध्यक्षाच्या खुर्चीस गादी कोणत्या रंगाची असावी याचा विचार सुरू झाला. निर्मलाबाई मात्र उठल्या, आणि हात जोडून पुसत्या झाल्या, "सायेब, फुडल्या वर्सी उणे एक म्हंता, तर ते उणे एक कोन?"

साहेब म्हणाले, "मावशी, तसं नाव नसतं. तो कल आहे."

"कागद बोलून राहिला, बाई," पाटलांनी दाब दिला. "तुमी काहून हुज्जत घालता?"

बाई खाली बसल्या, परंतु त्यांचे काळीज जागेवर नव्हते. सून रुपा, नायकांच्या फौजेबरोबर गेलेली, तिकडेच उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत बाळंत झाली होती. मुलगी झाली, नाव दिपा ठेवले, एवढाच निरोप फोनवर आला होता. नात अद्याप डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि इकडे कागदाने एक माणूस वजा करून ठेविले. उणे एक म्हणजे तेच लेकरू, दुसरे कोण, ऐसे बाईंनी मनाशी घेतले आणि फार भ्याल्या. मग भीतीचा राग झाला, आणि रागाची मसलत झाली. बाईंनी साहेबांस पदर पसरून विनविले की, हरकत घेण्याची मुदत संपण्याआधी एकवार होळीस यावे, पुऱ्या खाव्या आणि फिरून मोजावे. साहेब मेसच्या जेवणास विटले होते. त्यांनी रुकार दिला.

फाल्गुनात कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप सरले, आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लावून नायकांची फौज माघारी आली. धुळवडीच्या सकाळी साहेब टॅबासह तांड्यात उतरले आणि मोजू लागले. परंतु त्या दिवशी तांड्याचा शिरस्ता ऐसा की, पुऱ्यांनी भरलेला पितळी हंडा चौकात खुंटास बांधावा, बायकांनी ओल्या काठ्या घेऊन तो राखावा, आणि पुरुषांनी मार खात खात तो लुटून न्यावा. साहेब एकशे तीसपर्यंत आले तोच डफ वाजला, आणि पुरुषांनी यलगार केला, आणि मोजलेले न मोजलेल्यांत मिसळले, आणि धुळीचा लोट उठून सूर्य दिसेना. साहेब उभे होते ते नेमके हंड्यापाशी. काठ्या धरणाऱ्यांस सल्लागार आणि लुटारू यांतील भेद कळण्यास सवड नव्हती. पाठीवर तीन आणि पोटरीस दोन ऐसे पाच वार साहेबांनी घेतले. टॅब उंच धरून "मी शासकीय कामावर आहे!" ऐसा पुकारा केला, तो कोणी ऐकिला नाही.

अखेर हंडा पुरुषांनी नेला. मग वैर सरले, पंगती बसल्या, आणि जिने मारिले तिनेच वाढिले. ही संधी साधून निर्मलाबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवून आज्ञापिले, "आता मोजा. बंजारा पुरीफुडून उठत न्हाई."

साहेब लंगडत पंगतीतून फिरले. चारशे छत्तीस भरले. तेव्हां रुपा पुढे झाली आणि पदराआडून दिपा काढिली. बाईंनी नात हाती घेतली, आणि टॅबासमोर धरिली, आणि रडू दाटून आले ते लपविले नाही. "हे तुमचं उणे एक. घ्या लिवून."

साहेबांनी चारशे सदतीस लिहिले. मग बाई बोलल्या की, ज्याने तांड्याचा मार खाल्ला आणि पुरी खाल्ली तो तांड्याचा, सबब आकडा चारशे अडतीस. साहेबांनी नियम काढून पाहिला, तर मोजणीच्या दिवशी जो जेथे जेवला तो तेथला, ऐसेच कलम निघाले. जिलेबीवालेही त्याच कलमाने गावकरी झाले होते. साहेबांनी मुकाट्याने स्वतःस दाखल केले, आणि हिरवी खूण उमटली.

मग जांभळगावची मोजणीही जत्रेविना फिरून जाहली. उकंडरावांची नगरपालिका जन्मण्याआधीच निवर्तली, आणि गादीचे कापड घरच्या सोफ्यास लागले.

येणेप्रमाणे नव्या त्रैराशिकाने तांड्याच्या नावे सन दोन हजार पन्नासपावेतो पाचशे बेचाळीस माणसांचे, रोज एकोणतीस हजार आठशे दहा लिटर पाणी कायम जाहले, ऐसी दप्तरात नोंद आहे. त्यात पंचावन्न लिटर सोमेश्वर साहेबांचे. साहेब बदलून दूर गेले, तेव्हां त्यांचे पाणी कोणी घ्यावे यावरून तांड्यात तंटा पडला. निर्मलाबाईंनी फैसला दिला की, त्या पाण्याने दिपास रोज न्हाऊ घालावे. न्हाताना ती फार मोठ्याने रडते. नदीपलीकडे जांभळगावात पाटलांच्या ओसरीवर बराबर ऐकू येते.