गर्जेंद्र महाराजांच्या समाधीचा डावा कान

मुलांनो, कुणी कुणाला हात जोडून, अगदी गोड आवाजात, "आता मरा ना," असं विनवताना तुम्ही पाहिलंय का? नाही ना? मग नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात पांढऱ्याशुभ्र संगमरवराची टेकडी होती. टेकडीच्या पायथ्याशी साळूताई राहायची. साळूताई म्हणजे साळिंदर. अंगावरचे काटे हीच तिची छिन्नी. तिच्यासारखं दगडाचं काम पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं.

एकदा जंगलाचे राजे, गर्जेंद्र सिंह, शेजारच्या राजाच्या तेराव्याला गेले आणि रडतच परत आले.

"अगं साळूताई, एवढा मोठा राजा, आणि वर नुसता मातीचा ढीग! त्यावर शेळ्या चरत होत्या गं! माझी समाधी तू आत्ताच करून ठेव. मागून कोण करतंय?"

साळूताईने टेकडीतला दुधासारखा दगड निवडला. महाराज कोपरावर रेलले आहेत, दुपारच्या झोपेतून नुकतेच जागे झाले आहेत, अशी मूर्ती करायची. भोवती तीन सद्गुण उभे करायचे.

झालं! सद्गुण व्हायला दरबारात रांग लागली. कोल्होबा सत्य झाले. तरसराव करुणा झाले. गिधाडअण्णा म्हणाले, "संयम मी होणार. वाट बघण्यात माझा हात कोण धरणार?"

आठ महिने महाराज रोज येऊन कोपरावर रेलायचे. रेलता रेलता घोरायला लागायचे. जागे झाले की दगडावरची धूळ स्वतः फुंकर मारून उडवायचे. साळूताईला त्या फुंकरीचं फार अप्रूप वाटे. राजा, आणि आपल्यासाठी धूळ उडवतो! त्या मायेपोटी तिच्या हातून एक चूक झाली. तिने मूर्तीचं पोट जरा आत घेतलं.

समाधी पूर्ण झाली आणि जंगल वेडं झालं. "असं मिळणार असेल तर मी आजच मरते बाई," असं एक हरिणी म्हणालीसुद्धा. कोल्होबांनी उद्घाटनाला पौर्णिमा ठरवली. मांडव घातला. शेजारच्या राजांना बोलावणी गेली. हत्तींनी भाषणं पाठ केली. मग सगळे सद्गुण मिळून महाराजांकडे गेले.

"महाराज, सगळी तयारी झालीय. फक्त आपण राहिलात."

"राहिलो म्हणजे?"

"म्हणजे... अजून आहात."

"अरे, पण मी ठणठणीत आहे!"

"तीच तर अडचण आहे," कोल्होबा हळहळले.

"साधा खोकलासुद्धा नाही का हो?" तरसरावांनी डोळे पुसले.

"माझी काही घाई नाही," गिधाडअण्णा म्हणाले. "पण पौर्णिमा गुरुवारी आहे."

महाराज मूर्तीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "खरंच, किती देखणा दिसतोय मी," ते म्हणाले. "आत जाताना असंच दिसायला हवं." आणि त्यांनी अन्न सोडलं.

तीन दिवस गेले. बुधवारी दुपारी साळूताई रताळी उकडून घेऊन आली. महाराज समाधीपाशी पडून होते.

"महाराज, दोन घास खा."

"नको गं. पाहुणे आलेत. बरं नाही दिसत." मूर्तीच्या पंजावर थोडी धूळ होती. महाराजांनी सवयीने फुंकर मारली. धूळ हललीसुद्धा नाही.

साळूताईने रताळी खाली ठेवली. ती मूर्तीवर चढली. हातोडा उचलला. आणि सगळ्या पाहुण्यांदेखत मूर्तीच्या डाव्या कानावर घाव घातला. टण्! कान खाली.

"अगं बाई, केलंस काय!" तरसराव किंचाळले.

"मारा हिला!" कोल्होबा ओरडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, छानच झालं! मांडव आहे, पाहुणे आहेत, समाधी आहे. हिलाच आत ठेवू!"

तेवढ्यात गर्जेंद्र महाराज उठून उभे राहिले. आयाळ पिंजारली होती.

"माझ्या समाधीत दुसरं कुणी? खबरदार! आणि असल्या एककानी समाधीत मीही जाणार नाही! साळूताई, आधी कान कर!"

"करते, महाराज. जुळणारा दगड सापडला की रोज एक टोला मारते. कान फार नाजूक असतो."

"किती दिवस लागतील?"

"ते काही सांगता येत नाही. तोवर जेवत जा. उपाशी राजाचा कान पडतो. मी कशावरून कोरू?"

हे ऐकून संयमाचा संयम सुटला. गिधाडअण्णांनी चोचीने अख्खा मांडव फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी पाहुण्यांसाठी केलेला शिरा एकट्याने संपवला, फुंकर मारून नव्या दगडावरची धूळ उडवली, आणि साळूताईने त्यावर एक टोला मारून छिन्नी खाली ठेवली.

तात्पर्य: हाती घेतलेलं काम कधीही पूर्ण करू नये. जगातली सगळी अर्धवट कामं कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठीच थांबलेली असतात.